तळव्यापर्यंत

हात वर, ओबदुलिया.
काळजाच्याही वर, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
तू मात्र तो पोटाशी धरून आलीस,
माल्पिकाच्या धक्क्यावरून, वाऱ्यात, शालीत गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तशी.
सूज उताराला धावते. पाण्यासारखीच ती.

यारीच्या दोराने दोन बोटं ओढून नेली होती.
आता अनामिकेत धातूची पट्टी, सहा स्क्रू,
करंगळीत एक तार, टोक कातडीबाहेर.
अंगठी कापावी लागली.
तिचे दोन तुकडे तू रुमालात बांधून
अजून खिशात वागवतेस.

सासू म्हणते, मोडलं हाड निजू द्यावं.
दोसिंदाबाईंचा अंगठा मी चर्चमध्ये पाहिलाय,
मेणबत्ती धरताना,
निजला तो निजलाच.

हाडाची काळजी पट्टी घेईल.
मला धास्ती आहे ती हाडावरून सरकणाऱ्या कंडरेची.
पडून राहिली की आहे तिथेच चिकटते.
ओलं जाळं घडी घालून ठेवलं
तर घडीतच वाळतं,
हे काय तुला मी सांगायचं?

तर दर तासाला दहादा.
तार असलेलं पेर सोडून. बाकीची सगळी.
दुखेल. दुखू दे,
पण रात्रभर ठणकलं तर माझं चुकलं,
सकाळी फोन कर.
मग स्प्लिंट पुन्हा, पट्टे फार आवळू नकोस.

दुसऱ्या आठवड्यात मोजलं:
अनामिकेच्या टोकापासून तळव्यापर्यंत चार सेंटीमीटर.
तू म्हणालीस, केला ना व्यायाम, रोज केला.
मी काही बोलले नाही.
तुझ्या बाहीला तंबाखूचा वास होता.
कुणी ओढली?
"वाऱ्याने," म्हणालीस.
त्या वाऱ्याला सांग, हाड सांधायला रक्त लागतं,
आणि धूर रक्ताची वाट अडवतो.

तिसऱ्या आठवड्यात तारेभोवती लाल झालं.
शनिवारी दिसलं, तू मंगळवारी आलीस.
सणाचे दिवस, डॉक्टरांना कशाला तसदी, म्हणे.
त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले,
बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.
गोळ्या लागू पडल्या. थोडक्यात निभावलं.
नंतर तू हळूच विचारलंस,
"पट्टी तुटली तर? वाकवताना आतून कट्ट आवाज आला तर?"
म्हणजे एवढे दिवस
हीच भीती मुठीत धरून बसली होतीस,
जी मूठ मिटतही नव्हती.

मी एक्स-रे खिडकीला लावला.
सहाही स्क्रू मोजून दाखवले.
तू दोनदा मोजलेस,
जाळ्याचे डोळे मोजतेस तसे, ओठ हलवत.

त्या आठवड्यात साडेतीन.
मग पावणेतीन.
तार निघाली, तुला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.
दीड.

एक दिवस तू वडिलांची जाळं विणायची सुई आणलीस,
बॉक्सवुडची, घासून काळी पडलेली.
मुठीला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली होती, जाड, भोपळ्यासारखी.
मी शिकवायच्या आधीच.
"धरता येतं तेवढं जाड केलं,
दर सोमवारी एक वेढा काढणार."
माझ्या कपाटात चिकणमाती, चिमटे, रबरी चेंडू,
सगळे त्या सुईकडे बघत राहिले.

आज शेवटचं मोजमाप.
एक सेंटीमीटर. गेला महिनाभर एकच.
मी मोजपट्टी वाकडी धरून पाहिली,
तरी एकच.
तुला सांगायला शब्द जुळवत होते,
तेवढ्यात तू म्हणालीस,
एवढ्या फटीतून सारडिनसुद्धा निसटत नाही,
आणि सुई उचललीस.

ट्यूबचे अजून दोन वेढे बाकी आहेत.
घरी जाताना हात खिशात घालू नकोस.